शुभेच्छुक

परवा संध्याकाळी गावाकडची चार पोरं दुकानात आली. दहा बाय पंधराचा फ्लेक्स पाहिजे म्हणाली. चौकात लावायचा, आणि उद्या सकाळी सातच्या आत लागला पाहिजे. "पोलीस निरीक्षकपदी बढती मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन" असा मजकूर. फोटो मोबाईलवर पाठवला. मी उघडून बघायच्या आधीच मला माहीत होतं कुणाचा असणार.

त्यातलं एक पोरगं म्हणालं, "दादा, खाली शुभेच्छुकमध्ये तुमचं नाव टाकायचं ना? तुम्ही रूम पार्टनर होता म्हणं पुण्यात."

टाकतो म्हटलं. आणि त्या दोन शब्दांच्या मागं अठरा वर्षं आहेत, म्हणून आज ही लांबलचक पोस्ट. एरवी मी इथं रस्त्यातले खड्डे, नगरपालिकेची पाणीपट्टी आणि लाईट जाण्यावर लिहितो, ते तुम्हाला माहीत आहे. आजचा विषय घरगुती वाटेल, पण मला तो तेवढाच सार्वजनिक वाटतो. चौकाचौकात टांगलेला आहे, आणि टांगणाऱ्यांत मीही आहे.

मी विट्यात फ्लेक्स छापतो. वाढदिवस, निवड, नियुक्ती, श्रद्धांजली, क्लासच्या जाहिराती, सगळं. परवानगीचा नंबर असल्याशिवाय चौकातलं काम घेत नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर कमेंटमध्ये पहिला प्रश्न तोच येईल. पण दुकान टाकायच्या आधी मी पुण्यात सदाशिव पेठेत तीन वर्षं काढली. 2004 ते 2007. कॉट बेसिसवर खोली, खोलीत चौघं, महिन्याची मेस आणि अभ्यासिकेतली एक खुर्ची. आम्ही दोघं एकाच गावचे, एकाच एसटीनं गेलो होतो. पुस्तकं अर्धी त्याची, अर्धी माझी. चहा एक आणला की दोन कपांत. पीएसआयची पूर्व परीक्षा दोघं पास झालो. मुख्य परीक्षेचा निकाल लागला तेव्हा सायबर कॅफेत एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे बसून यादी खाली सरकवत होतो. त्याचा नंबर सापडला. माझा सापडला नाही. नंतर गुण कळले. मी तीन गुणांनी राहिलो होतो.

मी त्याला मिठी मारली, पेढे आणले. खोलीवर सगळ्यांना मीच सांगितलं. ते सगळं मनापासूनच होतं, खोटं नव्हतं. रात्री दिवा घालवल्यावर मात्र छातीत काहीतरी अडकलं, आणि ते पुढं कितीतरी वर्षं निघालंच नाही.

शारीरिक चाचणी, मुलाखत, सगळं पार करून त्याची निवड झाली तेव्हा गावात चौकात फ्लेक्स लागला. तेव्हा फ्लेक्स नवीन होते, सांगलीहून छापून आणायचे. खाली शुभेच्छुक म्हणून तीसेक नावं. सतराव्या की अठराव्या जागी माझं. मला कुणी विचारलंही नव्हतं. मी सुट्टीला आलो होतो, एसटीतून उतरलो आणि समोर तो. आण्णा, म्हणजे माझे वडील, न्यायला आले होते. त्यांनी फ्लेक्सकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पिशवी घेतली हातातून. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आई मात्र बोलायची. वाईट मनानं नव्हे, पण बोलायची. "तुझ्या बरोबरचा तो, बघ." या "तुझ्या बरोबरचा" शब्दाइतकी खोल जाणारी सुरी मराठीत दुसरी नसेल. वयानं बरोबरचा, शाळेत बरोबरचा, एका बाकावरचा. जो बरोबरचा असतो तोच पुढं गेलेला टोचतो.

आमच्या भागात खरं तर जळायला माणसांची कमी नाही. खानापूर-आटपाडीकडची माणसं पिढ्यान्पिढ्या गलाईच्या धंद्यात देशभर गेलेली आहेत. सोनं-चांदी गाळायची, शुद्ध करायची. दुष्काळानं घराबाहेर काढलं आणि त्यांनी कोईमतूर, कोलकाता, दिल्ली, पंजाब कुठं कुठं दुकानं मांडली. यात्रेला गावात परराज्यांतल्या नंबरच्या गाड्यांची रांग लागते. माझा एक चुलतभाऊ त्यातलाच. त्याच्या बंगल्याच्या जिन्याला लागलेल्या ग्रॅनाईटच्या पैशात माझं दुकान उभं राहिलं असतं. पण खरं सांगतो, त्याच्याकडं बघून मला कधी काही झालं नाही. तो बारावी नापास होऊन सोळा-सतराव्या वर्षी भट्टीवर गेला, हात भाजून घेतले, मी ती वाट धरलीच नव्हती. त्याचा हिशेब वेगळ्या वहीतला.

माणूस स्वतःची किंमत ठरवायला दुसऱ्याची फूटपट्टी वापरतो, आणि फूटपट्टी शक्यतो आपल्याजवळच्या, आपल्यासारख्या माणसाची निवडतो, असं लिऑन फेस्टिंगर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1954 मध्ये मांडलं होतं. मी हे वाचलं तेव्हा वाटलं, आईला हे आधीपासून माहीत होतं. 1995 मध्ये आणखी एक अभ्यास आला. 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधले पदकविजेते टीव्हीवर कसे दिसतात ते लोकांना दाखवून मोजलं, तर रौप्यवाल्यांपेक्षा कांस्यवाले जास्त आनंदी दिसले. रौप्यवाल्याला थोडक्यात हुकलेलं सोनं दिसतं, कांस्यवाल्याला थोडक्यात मिळालेलं पदक. आमच्यापासून तासाभरावर गोळेश्वर आहे, खाशाबा जाधवांचं गाव. 1952 ला हेलसिंकीहून ते कांस्यपदक घेऊन आले तेव्हा बैलगाड्या जुंपून मिरवणूक काढली होती लोकांनी. सोनं कुणी नेलं हे त्या मिरवणुकीत कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

तीन गुणांनी राहिलेला माणूस पक्का रौप्यवाला असतो, फक्त त्याला पदक मिळत नाही. मी तीस गुणांनी राहिलो असतो तर दोन महिन्यांत विसरलो असतो.

आता या मोजमापाची किंमत काय पडली ते सांगतो, कारण अशा पोस्टीत लोक तेवढंच गाळतात. त्याच्या लग्नाला गेलो आणि अक्षता टाकून जेवायच्या आधी निघालो. कारण सांगितलं शेवटची गाडी. दुपारचे अडीच वाजले होते. त्याचा फोन आला की मी तो वाजू द्यायचो आणि तासाभरानं "कामात होतो" असा मेसेज टाकायचो. तो गावात आला की मी त्या आठवड्यात गावाकडं जायचो नाही. 2012 ला त्याचे वडील वारले. मी पाचवीपासून ज्या माणसाच्या हातची भाकरी खाल्ली तो माणूस. मी मातीला गेलो नाही. दुकानात मशीन बिघडलंय असं सांगितलं. मशीन खरंच बिघडलं होतं, पण ते आदल्या आठवड्यात. दहाव्याला जाऊन लांब उभा राहिलो आणि परत आलो.

मशीनचं सांगितलं, त्यावरून आठवलं, 2011 ला कर्ज काढून दुकान टाकलं होतं. धंदा बरा चालायला लागला होता. लग्न झालं होतं, लेक दोन-तीन वर्षांची होती. कुणी बाहेरून बघितलं असतं तर म्हणाला असता, या माणसाचं छान चाललंय. पण मला रात्री हिशेब करताना गल्ल्यातले पैसे दिसायचे नाहीत, त्याचा पगार दिसायचा. सातवा वेतन आयोग लागू झाला तेव्हा त्याला किती वाढ झाली असेल ते मी गणित मांडून काढलं होतं. हसू नका. कॅल्क्युलेटरवर काढलं होतं.

लोक यावर एक औषध सांगतात. वर बघू नये, खाली बघावं. आईही तेच सांगायची, कीर्तनातही ऐकलंय. मीसुद्धा ते करून बघितलं. शेजारच्या गाळ्यातला झेरॉक्सवाला माझ्यापेक्षा कमी कमवतो. अभ्यासिकेतले आमच्या बॅचचे दोघं अजून घरी बसून आहेत. असं मोजत बसायचो आणि तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, जसं दुखऱ्या दाताखाली लवंग धरली की वाटतं.

त्या औषधात काय भेसळ आहे ते मला पाच वर्षांपूर्वी कळलं. यात्रेच्या रात्री तो अचानक दुकानात आला. साध्या कपड्यात, एकटाच. मला पळायला जागा नव्हती. स्टुलावर बसला, म्हणाला, "चहा सांग. दोन कप नको, एकच, अर्धा अर्धा." मग बसला दीड तास. तीन वर्षं गडचिरोलीत होता, बायको-मुलं पुण्यात. बापाच्या शेवटच्या दिवशी तो बंदोबस्तावर होता, पोचेपर्यंत गावकऱ्यांनी तिरडी बांधून ठेवली होती. मुलगा त्याच्याशी धड बोलत नाही. बीपीच्या गोळ्या चाळिशीच्या आत लागल्या. तो सांगत होता आणि मी मान हलवत होतो, आणि आत, अगदी आत, मला गार गार वाटत होतं. चला, म्हणजे याचंही काही खरं नाही.

तो गेला. शटर ओढलं. आणि मग मला स्वतःचीच शिसारी आली. माझ्या भावासारख्या माणसानं बाप जाण्याचं दुःख माझ्यासमोर उघडं केलं आणि मी ते तराजूत टाकून माझं पारडं वर आलं का बघत होतो. खाली बघा म्हणणारं औषध ते हेच. तराजू तसाच राहतो, फक्त समोरच्याच्या पारड्यात दुःख टाकायचं. म्हणून मला आजकाल ते "पायात बूट नाही म्हणून रडू नका, ज्याला पायच नाही त्याच्याकडं बघा" छापाचे सुविचार फॉरवर्ड करवत नाहीत. त्या बिनपायाच्या माणसानं काय आपल्या समाधानासाठी उभं राहायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला फोन केला. पहिल्यांदा मी केला. मातीला का आलो नाही ते सांगितलं. मशीनचं खोटं होतं म्हणालो. तिकडून बराच वेळ काही आलं नाही. मग म्हणाला, "मला माहीत होतं रे. मशीनचं मी तुझ्या पोराकडनं विचारून घेतलेलं." पोरगा म्हणजे दुकानात कामाला होता तो. नऊ वर्षं त्यानं हे पोटात ठेवलं होतं, आणि तरी चहाला आला होता.

इथं गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण आपण सुधारलो असं वाटायला लागलं की घरातूनच कुणीतरी आरसा धरतं.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या 13 तारखेला दहावीचा निकाल लागला. दुपारी एकला. लेक दहावीला होती. तिनं मोबाईलवर बघितलं आणि सांगितलं, "अठ्ठ्याहत्तर पॉइंट चाळीस." आणि माझ्या तोंडातून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "आणि तुझ्या त्या मैत्रिणीला?"

अभिनंदन नाही, पेढे नाहीत, जवळ घेणं नाही. तिनं अजिबात न चिडता उत्तर दिलं. मैत्रिणीला एक्क्याण्णव. दुसरीला अठ्ठ्याऐंशी. समोरच्या गल्लीतल्या पोराला चौऱ्याण्णव. तिनं पाच-सहा जणांचे आकडे पॉइंटसकट सांगितले आणि शेवटी म्हणाली, "आमच्या ग्रुपमध्ये मी शेवटून दुसरी आहे पप्पा."

म्हणजे माझ्या आधी तिची यादी तयार होती. निकाल लागून वीस मिनिटं झाली होती. सदाशिव पेठेत मला जे शिकायला पंचविसावं वर्ष लागलं ते ती सोळाव्या वर्षी शिकली होती, आणि शिकवणी माझ्याच घरात झाली होती. बायको स्वयंपाकघरातून माझ्याकडं नुसतं बघत होती. तिचं ते बघणं मी इथं लिहीत नाही.

मी काही न सुचून दुकानात आलो. आणि दुकानात काय काम आलं होतं? दोन क्लासेसचे फ्लेक्स. दरवर्षीचं काम आहे, मे-जूनचा माझा निम्मा धंदा त्यावर चालतो. "यशाची परंपरा कायम", मधे सरांचा मोठा फोटो आणि भोवती नव्वदच्या वरच्या मुलांचे गोल. मी गोल कापत बसलो होतो. एक फोटो कापताना वाटलं, हे तर मघाशीच केलं. उघडून बघितलं, तर तीच पोरगी दोन्ही क्लासच्या फ्लेक्सवर. एकीकडं ती गणिताला जात होती, दुसरीकडं दोन महिन्यांची सराव परीक्षा दिली होती. दोन्ही फ्लेक्स एकाच चौकात समोरासमोर लागणार होते. त्या पोरीला विचारलं असेल का कुणी? तिच्या आईबापाला?

हे फक्त आमच्या तालुक्यात चालतं असं समजू नका. दिल्लीत यूपीएससीच्या मोठमोठ्या क्लासेसनी हेच केलं, निवड झालेला उमेदवार फक्त मोफत मुलाखत मार्गदर्शनाला येऊन गेलेला, आणि जाहिरातीत असा दाखवला की जणू सगळा अभ्यास यांनीच करून घेतला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा अनेकांना दंड केले आणि नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंगच्या फसव्या जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. निवड झाल्यानंतर उमेदवाराची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचं नाव, फोटो वापरायचा नाही. त्यानं नेमका कुठला कोर्स केला ते लिहायचं. क्लास चालवणाऱ्या मित्रांनी हे वाचलं नसेल तर वाचा, मी तर आता छापायच्या आधी संमतीचा कागद मागतो. दोन गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात गेली. जाऊ देत.

पण संमती असली तरी फ्लेक्सवर एक गोष्ट कधीच नसते. छेद. अपूर्णांकात खाली जो आकडा असतो तो. वर नव्वदवाली बारा पोरं दिसतात, खाली क्लासमध्ये किती पोरं होती ते दिसत नाही. यूपीएससीच्या 2024 च्या नागरी सेवा परीक्षेला 9,92,599 जणांनी अर्ज केले, 5,83,213 प्रत्यक्ष पूर्व परीक्षेला बसले, आणि शेवटी शिफारस झाली 1,009 जणांची. बसलेल्या साधारण 578 जणांत एक. त्या एकाचा फ्लेक्स लागतो. बाकीच्या 577 जणांचा चौक कुठला? ते त्याच चौकात मान खाली घालून एसटीतून उतरतात आणि प्रत्येकाला वाटतं की मागं राहिलेला मी एकटाच. गेल्या वर्षी राज्यात दहावीची साडेचौदा लाखांवर मुलं पास झाली. शंभर टक्के मिळालेली होती 211. टीव्हीवर दोन दिवस त्या 211 मधलीच दिसत होती. त्यांचं कौतुक झालंच पाहिजे, मी त्यांच्यावर चिडत नाही. पण साडेचौदा लाख घरांत त्या दोन दिवसांत काय बोललं गेलं असेल, ते मला माझ्या घरावरून कळतं.

एवढं वाचून कुणीतरी म्हणेल, मग काय तुलना करायचीच नाही का? स्पर्धा नको? नुसतं समाधानी राहून भोपळा पिकवायचा?

नाही. तुलनेनं आमच्या तालुक्याचं भलंही केलंय. कृष्णेच्या काठावर ऊस उभा आणि तीस-चाळीस किलोमीटरवर आमच्याकडं प्यायला टँकर, ही तुलनाच होती. नव्वदच्या दशकात आटपाडीला पाणी परिषदा सुरू झाल्या. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर ही मंडळी उभी राहिली, तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं गोळा झाली आणि समान पाणीवाटप मागू लागली. आमचे आण्णा ट्रकमधून भाकरी बांधून जायचे. त्यांना तिथं काय सांगितलं गेलं? तुमचं नशीब वाईट नाही, तुमची जमीन आळशी नाही, पाणी वाटताना तुम्हाला वगळलंय. आज टेंभूचं पाणी आमच्याकडच्या शिवारात खेळतंय, त्यामागं ती तुलना आहे. आण्णांना वर्षानुवर्षं काठावरच्या पाव्हण्यांनी "तुमच्याकडं काय, कुसळं" म्हणून हिणवलं. ते ऐकून घेणारा माणूस परिषदेला गेला की ताठ बसायचा.

मी हे बरेच दिवस घोळवतोय. ती तुलना आणि माझी तुलना यात फरक काय? मला एवढंच कळलंय की ती चौकात मोठ्यानं बोलता येत होती. शेजाऱ्याला बरोबर घेऊन करता येत होती. त्यातून मागणी निघत होती, कुणाकडं तरी बोट दाखवता येत होतं. माझी मला कुणालाच सांगता येत नव्हती. बायकोलाही नाही. ज्याच्याशी करत होतो त्यालाच टाळावं लागत होतं. आजही पुण्यातली पोरं रस्त्यावर उतरतात, 2021 च्या मार्चमध्ये ऐनवेळी परीक्षा पुढं ढकलली तेव्हा उतरली, 2024 च्या ऑगस्टमध्ये दोन परीक्षा एकाच दिवशी आल्या तेव्हा उतरली, तेव्हा ती एकमेकांची स्पर्धक असूनही एकत्र बसतात. मला वाटतं त्या दोन-तीन रात्री त्यातल्या कित्येकांना वर्षभरात लागली नसेल अशी झोप लागली असेल. पुलाखाली बसून चहा पिताना कुणी कुणाचे गुण विचारत नाही.

बरं, मी काय केलं? फार काही नाही. लेकीची माफी मागितली. त्याच संध्याकाळी. ती म्हणाली, "ठीक आहे ओ पप्पा, सगळेच विचारतात," आणि तेच जास्त लागलं. घरात एक ठरवलं, निकालाच्या दिवशी दुसऱ्याचा आकडा विचारायचा नाही, कुणी सांगितला तर "छान" म्हणायचं आणि पुढचा विषय. पाव्हणे ऐकत नाहीत. लेकीच्या मामानं फोनवर पहिलाच प्रश्न केला, "आणि वर्गात पहिली कोण?" बायकोनं सांगितलं, "ते शाळेला विचारा दाजी, आमच्याकडं आमच्या पोरीचा निकाल आहे." हो, ती तिच्या चुलतभावाला दाजी म्हणते, लहानपणापासूनची सवय.

दुकानाच्या हिशेबाची वही मी आता वेगळी ठेवतो. डाव्या पानावर गेल्या वर्षीचा हाच महिना, उजव्या पानावर हा. कधी डावं पान जड असतं, कधी उजवं. दोन्ही माझंच असल्यामुळं जळायला कुणी मिळत नाही. स्टेटस बघायचं कमी केलंय, बंद झालेलं नाही. सवय गेली म्हणणार नाही. मागच्या महिन्यात आमच्याच ओळीत एकानं नवं मशीन आणलं, माझ्यापेक्षा रुंद प्रिंट देणारं. दोन रात्री मी त्याचा हप्ता किती पडत असेल ते मोजत होतो. तिसऱ्या दिवशी त्याच्याकडं गेलो, मशीन बघायला मागितलं, त्यानं हौसेनं सगळं दाखवलं, हेड कसं साफ करायचं ते सांगितलं, आणि रुंद काम आलं तर तुझ्याकडं पाठवू का असं माझ्या तोंडून निघालं. हप्त्याचा आकडा त्यानंच सांगितला. माझा अंदाज चुकला होता.

लेकीनं अकरावी कॉमर्स घेतलंय. ग्रुपमधल्या बाकीच्या सायन्सला गेल्या. ती संध्याकाळी दुकानात येते, कोरलमध्ये हात बसलाय तिचा, रंगाची जाण माझ्यापेक्षा बरी आहे. ती पुढं काय करेल मला माहीत नाही.

तर परवाचा तो फ्लेक्स. रात्री आठला डिझाईनला बसलो. त्याचा वर्दीतला फोटो, मागं निळा रंग, खाली शुभेच्छुकांची नावं. पोरांनी यादी दिली होती, त्यात माझं नाव सतरावं होतं, योगायोग बघा. मी ते तिथंच ठेवलं. मजकूर तीनदा वाचला, फाईल मशीनला लावायला गेलो तेवढ्यात लेक मागं येऊन उभी राहिली. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली,

"पप्पा, हार्दिकची वेलांटी चुकलीय. पहिली पाहिजे."

दीडशे स्क्वेअर फूट. छापून झाल्यावर दिसलं असतं तर सगळा माल वाया. मी वेलांटी बदलली, तिनं पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं, सतराव्या नावावर थोडी थांबली, आणि म्हणाली, "सोडा आता."